रिफ्रेश मारलं की लॉगिनचं पान का चमकतं? लॉगिन स्टेट आणि राउटिंग नीट कसं बसवायचं

पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी मी सीट बुकिंगचं छोटं वेब अ‍ॅप बनवलं होतं. एमपीएससी करणारी पोरं, महिन्याची फी, सीट नंबर, लॉकर, एवढंच, काम काही मोठं नव्हतं. चालू केलं आणि चौथ्या दिवशी मालक काकांचा फोन, "अरे तुझं ते अ‍ॅप पोरांना सारखं बाहेर काढतंय, एक जण तर विचारत आला की काका माझी सीट गेली का." मी म्हटलं असं कसं होईल, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय. मग तिथे जाऊन पोरांच्या मोबाइलवर बघितलं. पान रिफ्रेश केलं की सेकंदभर लॉगिनचा फॉर्म दिसायचा आणि मग गपकन सीटचं पान यायचं, आणि नेट स्लो असेल तर तो सेकंद चार-पाच सेकंदांचा व्हायचा, तेवढ्यात पोरगं पासवर्ड टाकायला सुरुवात करायचं. माझ्या लॅपटॉपवर बॅकएंड, म्हणजे सर्व्हरचा भाग, त्याच मशीनवर होता म्हणून ते चमकणं डोळ्याला कधी दिसलंच नाही.

चूक एका ओळीत होती. मी लॉगिनसाठी एक बूलियन ठेवला होता, आहे किंवा नाही, आणि सुरुवातीला तो फॉल्स. म्हणजे अ‍ॅप उघडताक्षणी, सर्व्हरला काही विचारायच्या आधीच, मी स्वतःच ठरवून टाकलं होतं की हा माणूस आपला नाही. नंतर सर्व्हर म्हणायचा अरे आहे की आपला, मग आत घ्यायचो.

काका असं करत नाहीत हे मला तिथेच बसल्या बसल्या दिसलं. त्यांच्याकडे अजूनही एक लांबडी वही आहे, नवीन पोरगं दारात आलं आणि वही आतल्या टेबलावर राहिली असेल तर ते त्याला घरी जा म्हणत नाहीत, "थांब जरा, वही बघतो" म्हणतात. हे "थांब जरा" म्हणजेच तिसरी स्थिती. लॉगिन स्टेट दोन किमतींचं नसतं, तीन किमतींचं असतं: आत, बाहेर, आणि अजून माहीत नाही. बाकी राउटिंगचे, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान दाखवायचं याचे, निम्मे बग हे "माहीत नाही" ला "नाही" समजल्यामुळे होतात, पुढे बघालच.

मी रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी धरून बोलतोय कारण ते अ‍ॅप त्यात होतं, पण व्ह्यू घ्या, अँग्युलर घ्या, गोष्ट तीच. कोड तुम्ही इंग्रजीतच लिहाल, डोक्यात मात्र हे असं बसवा:

स्थिती "माहीत नाही" असेल: कुठेही पाठवू नको, पानाचा रिकामा सांगाडा दाखव
स्थिती "बाहेर" असेल: लॉगिनला पाठव, कुठून आला ते सोबत दे
स्थिती "आत" असेल: मागितलेलं पान दाखव

पहिली ओळ लिहिलीत की चमकणं बंद. फक्त सांगाडा म्हणजे मधोमध गरगर फिरणारं चक्र नको, वरची पट्टी, डावीकडचा मेनू जसाच्या तसा ठेवा आणि मधली जागा करड्या चौकोनांनी भरा, म्हणजे माणसाला वाटतं पान येतंय.

ओळख ठेवायची कुठे

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरला नवीनच वाटते, म्हणून तर १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकी आणली, म्हणजे सर्व्हरने दिलेली आणि ब्राउझर पुढच्या रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो ती छोटी चिठ्ठी, आणि इतकी वर्षं झाली तरी लॉगिनसाठी आपण फिरून तिथेच येतो.

नवशिके लोक टोकन, म्हणजे लॉगिनची खूण, ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये टाकतात, मीही टाकायचो, सोपं पडतं. अडचण अशी की लोकलस्टोरेज तुमच्या पानावरची कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते, तुमची, चॅट विजेटची, एखाद्या एनपीएम पॅकेजमधून, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडमधून, आलेली, सगळ्यांची. एकदा कोणी टोकन उचललं की तो घरी बसून आरामात वापरतो. त्यापेक्षा सर्व्हरने कुकी द्यावी आणि तिला तीन गोष्टी लावाव्यात: एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे जावास्क्रिप्टला ती दिसतच नाही, सिक्युअर, म्हणजे एचटीटीपीएसवरूनच जाते, आणि सेमसाईट लॅक्स, म्हणजे दुसऱ्या साइटवरून कोणी गुपचूप पोस्ट रिक्वेस्ट मारली तर तिच्यासोबत कुकी जात नाही. क्रोमने २०२० पासून लॅक्स हेच डिफॉल्ट केलंय पण तरी स्वतः लिहा, सगळे ब्राउझर सारखे वागत नाहीत. आणि हो, लॅक्स असताना लिंकवर क्लिक करून आलेल्या साध्या गेट रिक्वेस्टबरोबर कुकी जाते, तेव्हा "सीट रद्द करा" सारखं काम गेटवर ठेवू नका. एचटीटीपी-ओन्ली लावलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं असंही नाही, पानात घुसलेली वाईट स्क्रिप्ट तिथूनच तुमच्या नावाने रिक्वेस्ट मारू शकते, फक्त चावी खिशात घालून नेता येत नाही.

आता जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) का सेशन, यावर लोक तासन् तास भांडतात. अभ्यासिकेच्या भाषेत सांगतो. सेशन म्हणजे पोराच्या हातात फक्त एक नंबर आणि बाकी सगळं काकांच्या वहीत. जेडब्ल्यूटी म्हणजे सहीशिक्का मारलेलं ओळखपत्र, त्यावर नाव, सीट, मुदत सगळं छापलेलं, वही उघडायची गरज नाही. भारी वाटतं, पण एखाद्या पोराला मधेच काढायचं झालं तर? कार्ड त्याच्या खिशात आहे आणि मुदत संपेपर्यंत ते चालणार. मग तुम्ही रद्द कार्डांची यादी ठेवता, म्हणजे परत वही आलीच. शिवाय जेडब्ल्यूटीवर सही असते, कुलूप नसतं, मधला भाग बेस-६४ सारख्या कोडिंगमध्ये असतो, कोणीही उलगडून वाचू शकतो, त्यात फोन नंबर वगैरे टाकू नका. माझं मत विचाराल तर एक सर्व्हर, एक डेटाबेस, एक वेब अ‍ॅप असेल तर सरळ सेशन कुकी वापरा. लॉगिन झाल्यावर सेशनचा नंबर नवीन द्या, आधीचाच पुढे चालवू नका, नाहीतर कोणी आधीच माहीत असलेला नंबर तुमच्या गळ्यात घालून ठेवेल.

फ्रंटएंड (ब्राउझरमधला भाग) एका ओरिजिनवर, म्हणजे एका साइटच्या पत्त्यावर, आणि एपीआय (डेटा देणारा सर्व्हरचा भाग) दुसऱ्यावर असेल तर अजून एक गंमत होते, फेच, म्हणजे जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट मारायची सोय, आपणहून कुकी पाठवत नाही. क्रेडेन्शियल्स इन्क्लूड लिहायला लागतं आणि सर्व्हरकडून क्रेडेन्शियल्सला परवानगीचा हेडर यायला लागतो, आणि तिथे परवानगीच्या ओरिजिनमध्ये नुसतं चांदणीचं चिन्ह (*) टाकून चालत नाही, नेमका पत्ता द्यावा लागतो. यात मी एक अख्खा रविवार घालवलाय.

पहिला प्रश्न: मी कोण?

कुकी जावास्क्रिप्टला दिसत नाही, मग फ्रंटएंडला कळणार कसं की आपण आत आहोत? सोपं आहे, विचारायचं. अ‍ॅप उघडलं की एकदाच एक छोटी रिक्वेस्ट, तिला मी "मी कोण" म्हणतो, सर्व्हर कुकी बघून नाव आणि रोल (विद्यार्थी की मालक) पाठवतो किंवा ४०१, म्हणजे ओळख पटली नाही, असा कोड देतो. हा कॉल अ‍ॅपच्या अगदी वरच्या थरात एकाच जागी ठेवा, प्रत्येक पानात नको. आणि डेव्हलपमेंटमध्ये तो दोनदा जाताना दिसला तर घाबरू नका, रिअ‍ॅक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोड इफेक्ट (पान काढून झाल्यावर चालणारा कोड) मुद्दाम दोनदा चालवतो, प्रॉडक्शनमध्ये तसं होत नाही.

इथे मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. कॅच ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, लिहून ठेवलं होतं की काहीही एरर आली की स्थिती "बाहेर". एक दिवस दुपारी लाइट गेली, वायफायचा राउटर बंद पडून परत चालू झाला, आणि त्या दोन मिनिटांत ज्या ज्या पोराने पान रिफ्रेश केलं तो लॉगिनवर जाऊन बसला. काकांचा परत फोन. नेट नाही म्हणजे लॉगिन नाही असं नसतं ना. वही सापडली नाही म्हणून नाव कापलं असं झालं ते. तर नियम असा: ४०१ आला तरच "बाहेर". टाइमआउट, सर्व्हरची स्वतःची ५०० एरर, नेट बंद, यातलं काहीही असलं तर "माहीत नाही" तसंच राहू द्या, खाली "कनेक्शन नाही, परत प्रयत्न करा" असं बटण दाखवा.

दारावरचा माणूस

आता अ‍ॅपमधला राउटर, म्हणजे पत्ता बघून पान दाखवणारा भाग. प्रत्येक पानात वर तपासणी लिहू नका, एक पान नक्की विसराल. रिअ‍ॅक्ट राउटरमध्ये एक बाहेरचा लेआउट राउट करा, त्यात वरच्या तीन ओळी आणि शेवटी आउटलेट, आणि सीट, फी, लॉकर ही सगळी पानं त्याच्या पोटात टाका. नवीन पान आलं की तेही पोटात, तपासणी आपोआप लागते.

लॉगिनला पाठवताना रिप्लेस लावायला विसरू नका. नाही लावलं तर काय होतं बघा: माणूस फीचं पान उघडतो, तुम्ही लॉगिनला ढकलता, तो बॅक दाबतो, परत फीचं पान, ते परत लॉगिनला ढकलतं, पुण्याच्या चांदणी चौकातल्या रॅम्पवर पहिल्यांदा गाडी घातलेल्या माणसासारखा फिरून फिरून तिथेच. रिप्लेस लावलं की हिस्टरीत फीच्या पानाची नोंदच राहत नाही, बॅक दाबलं की तो जिथून आला तिथे जातो. आणि ही तपासणी रेंडर होतानाच, म्हणजे पान काढलं जात असतानाच, करा, इफेक्टमध्ये नको, इफेक्ट रेंडरनंतर चालतो, म्हणजे आतलं पान क्षणभर दिसून जातं आणि त्याचे एपीआय कॉलही सुटतात.

लॉगिन झाल्यावर माणसाला जिथे जायचं होतं तिथेच सोडा. काका महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर फीच्या पानाची लिंक टाकतात, पोरं क्लिक करणार, लॉगिन करणार आणि येऊन पडणार होमपेजवर, मग ग्रुपवर चालू, काका फी कुठे भरायची. म्हणून मूळ पत्ता सोबत न्यायचा. राउटरच्या लोकेशन स्टेटमध्ये ठेवला तर साध्या लॉगिनला पुरतं, पण गुगलने लॉगिन देत असाल तर माणूस तुमच्या साइटबाहेर जाऊन येतो आणि परतताना ती स्टेट सोबत नसते, तेव्हा सेशनस्टोरेजमध्ये किंवा पत्त्यातच "पुढे" असं पॅरामीटर करून ठेवा. पत्ता अख्खा घ्या हं, पाथ, क्वेरी (? नंतरचा भाग) आणि हॅश (# नंतरचा भाग) तिन्ही. मी नुसता पाथ घेतला होता, त्यामुळे कुठल्या महिन्याची फी हे वाटेतच गळून जायचं.

पण पत्त्यातून आलेल्या पॅरामीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कोणीही अशी लिंक बनवू शकतो की लॉगिन तुमच्या खऱ्या साइटवर होतं आणि पुढचं पान त्याच्या खोट्या साइटचं, हुबेहूब तसंच दिसणारं, "पासवर्ड चुकला, परत टाका" म्हणणारं. याला ओपन रीडायरेक्ट म्हणतात. नुसतं "स्लॅशने सुरू होतं ना" एवढं तपासून भागत नाही, दोन स्लॅशने सुरू होणारा पत्ता ब्राउझरला दुसऱ्या साइटचा वाटतो, उलटा स्लॅश वापरूनही फसवता येतं. सरळ यूआरएल ऑब्जेक्ट बनवा, आपल्या ओरिजिनच्या आधाराने, आणि बनल्यावर त्याचा ओरिजिन आपलाच आहे का बघा. नसेल तर होमपेज.

मग ४०१ आणि ४०३ चा घोळ. ४०१ म्हणजे तू कोण हे कळलं नाही, ४०३ म्हणजे कळलं, पण हे तुझ्यासाठी नाही. मी दोन्हीला लॉगिनवर पाठवत होतो. एका पोराने उत्सुकतेपोटी काकांचं हिशोबाचं पान उघडलं, ४०३ आला, अ‍ॅपने लॉगिनला पाठवलं, लॉगिन म्हणालं तू तर आत आहेस, जा परत जिथून आलास तिथे, तिथे परत ४०३. ब्राउझर थरथरत होता अक्षरशः. ४०३ ला साधं पान दाखवा, "हे पान तुमच्यासाठी नाही", आणि खाली आपल्या सीटवर जायची लिंक.

रिफ्रेश टोकन, म्हणजे मुदत संपल्यावर नवीन टोकन मागायचं टोकन, वापरत असाल तर एकच सांगतो. पानावर एकदम पाच कॉल गेले आणि पाचांनाही ४०१ आला तर पाच वेळा रिफ्रेश मागू नका. पहिल्याने मागितलं की ते प्रॉमिस, म्हणजे येणाऱ्या उत्तराची पावती, जपून ठेवा, बाकीचे चार त्याच्याच मागे रांगेत उभे करा. सर्व्हर दर वेळी नवीन रिफ्रेश टोकन देत असेल तर जुनं टोकन दुसऱ्यांदा आलेलं बघून त्याला वाटतं चोरी झाली, आणि तो अख्खं सेशन बंद करतो. युजरला वाटतं अ‍ॅप मनाला येईल तेव्हा बाहेर काढतंय.

लॉगआउट, म्हणजे खरा वैताग

अभ्यासिकेत काउंटरपाशी एक जुना पीसी आहे, ज्यांच्या मोबाइलचं चार्जिंग संपलंय ती पोरं त्यावर फी बघतात. एक मुलगी लॉगआउट करून उठली, मागचा मुलगा बसला, सवयीने बॅक दाबलं आणि समोर त्या मुलीचं नाव, मोबाइल नंबर, किती महिन्यांची फी बाकी सगळं. ती अजून तिथेच उभी होती. हा बग मला सगळ्यात जास्त लागला, कारण यात कोणाचा तरी खरंच अपमान झाला.

झालं काय होतं, मी लॉगआउटनंतर अख्खं पान नव्याने लोड करत होतो, मला वाटलं मेमरी साफ. पण ब्राउझर मागचं पान बॅक-फॉरवर्ड कॅशमध्ये जसंच्या तसं गोठवून ठेवतो, जावास्क्रिप्टच्या मेमरीसकट, आणि बॅक दाबलं की गोठलेलं पान परत जिवंत करतो. त्यात "मी कोण" परत विचारलं जात नाही, कारण अ‍ॅप नव्याने सुरूच झालेलं नसतं. उपाय थरांनी करायचा. लॉगआउट बटणाने आधी सर्व्हरला सांगायचं, सर्व्हरने वहीतून सेशन खोडायचं आणि कुकीची मुदत संपवायची, एचटीटीपी-ओन्ली कुकी फ्रंटएंडला पुसताच येत नाही म्हणून हे सर्व्हरनेच करायचं. मग फ्रंटएंडमधली सगळी साठवलेली उत्तरं टाकून द्यायची, सर्व्हरची उत्तरं साठवणारी रिअ‍ॅक्ट क्वेरी लायब्ररी असेल तर तिचा कॅश क्लिअर, नाहीतर पुढच्या माणसाला आधीच्याची सीट दिसते. खासगी पानांवर कॅश-कंट्रोल नो-स्टोअर, म्हणजे हे साठवू नको असं ब्राउझरला सांगणारा हेडर. आणि पेजशो इव्हेंट ऐकायचा, त्यात पर्सिस्टेड ट्रू आलं म्हणजे पान गोठवलेल्यातून उठलंय, लगेच स्थिती "माहीत नाही" करा, आतला मजकूर झाका आणि सर्व्हरला परत विचारा.

दोन टॅब उघडे असतील तर एकात लॉगआउट केल्यावर दुसरा तसाच आत बसून राहतो. त्यासाठी ब्रॉडकास्ट चॅनलवर एक निरोप टाका, बाकीचे टॅब ऐकतील. जुना जुगाड लोकलस्टोरेजमध्ये काहीतरी लिहून स्टोरेज इव्हेंट पकडायचा, तोही चालतो, फक्त ज्या टॅबने लिहिलं त्याला तो इव्हेंट येत नाही हे लक्षात असू द्या, मी अर्धा तास त्याच टॅबमध्ये वाट बघत बसलो होतो.

काकांनी आता त्या मॉनिटरवर चिकटपट्टीने कागद लावलाय, "लॉगौट केल्याशिवाय उठू नये". मी म्हटलं बग दुरुस्त केलाय, म्हणाले असू दे.

एक गोष्ट मात्र नीट डोक्यात ठेवा, वर सांगितलेला दारावरचा माणूस ही सुरक्षा नाही, ती युजरची सोय आहे. फ्रंटएंडचा सगळा कोड युजरच्या ब्राउझरमध्ये पोचलेला असतो, कोणीही डेव्हटूल्स (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं) उघडून रोल "विद्यार्थी" चा "मालक" करू शकतो आणि हिशोबाचं पान उघडू शकतो. उघडू दे, पण ते रिकामं उघडलं पाहिजे. आकडे देणाऱ्या प्रत्येक एपीआयने स्वतः सेशन आणि रोल तपासलाच पाहिजे. मधल्या थरावर (मिडलवेअर, रिक्वेस्ट पानापर्यंत पोचायच्या आधी चालणारा कोड) विसंबून राहणंही महागात पडतं, मार्च २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टवर बांधलेल्या नेक्स्ट जेएसमधलं सुरक्षेचं भोक, सीव्हीई-२०२५-२९९२७, बाहेर आलं, त्यात एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट हा हेडर बाहेरून पाठवला की मिडलवेअरमधली तपासणी चक्क वगळली जायची. ज्यांनी लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती त्यांची दारं उघडी, ज्यांनी डेटा काढतानाही तपासलं त्यांचं फारसं बिघडलं नाही. स्वतः होस्ट केलेलं जुनं व्हर्जन वापरत असाल तर १४.२.२५ किंवा १५.२.३ च्या पुढे जा.

डिप्लॉय केल्यावर एक हमखास प्रश्न येतो, लिंकवर क्लिक करून फीचं पान उघडतं पण तिथेच रिफ्रेश मारलं की ४०४. याचा लॉगिनशी संबंध नाही पण लोक तिथेच शोधत बसतात. क्लिकवर राउटर ब्राउझरच्या हिस्टरी एपीआयने फक्त पत्ता बदलतो, रिफ्रेशवर मात्र सर्व्हरकडे खरंच ती फाइल मागितली जाते आणि ती नसते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्यात ट्राय-फाइल्सच्या शेवटी इंडेक्स एचटीएमएल द्या, संपलं. फक्त एपीआयचे पत्ते त्यातून वेगळे ठेवा, नाहीतर चुकीच्या एपीआय पत्त्यालाही २०० आणि एचटीएमएल मिळतं आणि तुमचा "मी कोण" जेसन समजून ते वाचायला जातो आणि आपटतो.

टेस्ट करताना लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं म्हणून डेव्हटूल्समध्ये नेटवर्क थ्रीजीवर टाका आणि मग आतल्या पानावर रिफ्रेश मारा. मग ऑफलाइन करून रिफ्रेश. मग लॉगिन असताना सर्व्हरवरून सेशन खोडा आणि एखादं बटण दाबा. मग दुसऱ्या टॅबमध्ये लॉगआउट. शेवटी लॉगआउट करून बॅक दाबा, आणि हे शेवटचं खऱ्या मोबाइलवर करा, सफारी आणि क्रोम दोन्हीवर, कारण डेव्हटूल्स उघडे असताना गोठवलेल्या पानाचं वागणं कधीकधी वेगळं दिसतं आणि तुम्ही सुटलो म्हणून घरी जाता.